व्हिटियरहून हिमनद्यांची एका दिवसाची बोटसफर : बोटीच्या वेळेपासून मागे मोजत करायची तयारी

जून उजाडला की अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना अलास्का दाखवायचे बेत सुरू होतात. गेल्या काही उन्हाळ्यांत ओळखीच्या घरांना मी ही सफर आखून दिली, स्वतःच्या आईबाबांनाही नेलं. जवळपास प्रत्येक वेळी गडबड त्याच तीन जागी झाली : व्हिटियरच्या वाटेवरच्या बोगद्यापाशी, कपड्यांत, आणि हिमनदीसमोरच्या अर्ध्या तासात. तिकिटं महाग असतात, आईवडील दोन विमानं बदलून आलेले असतात, आणि बोट कुणासाठी थांबत नाही. म्हणून इथे फक्त क्रम सांगते : आधी काय, मग काय, आणि कुठे पाय घसरतो.

हा लेख अलास्कातल्या अँकरेज शहरातून व्हिटियर बंदराला जाऊन प्रिन्स विल्यम साउंडमधल्या (साउंड म्हणजे जमिनीत आत शिरलेला समुद्र) हिमनद्या बघून त्याच दिवशी परतण्याबद्दल आहे. सात-आठ दिवसांच्या मोठ्या जहाजाच्या क्रूझबद्दल नाही. त्या जहाजांचे मार्ग बहुतेक वेळा कॅनडाच्या बंदरांतून जातात आणि भारतीय पासपोर्टवर त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. व्हिटियरची सफर सुरुवातीपासून शेवटपर्यंत अमेरिकेच्या हद्दीत होते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. मात्र अलास्काला जाताना विमान व्हँकूवरमार्गे घेऊ नका, सिअॅटलहून थेट अँकरेजचं घ्या. साडेतीन तासांचा प्रवास आहे. देशांतर्गत विमानालाही ओळखपत्र लागतं. आईवडिलांचा भारतीय पासपोर्ट त्यासाठी पुरतो, तो चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

पायरी १ : कुठली सफर, ते आधी पक्कं करा

‘अलास्का ग्लेशियर क्रूझ’ असं शोधलं की तीन वेगळ्या गोष्टी समोर येतात आणि माणसं त्यांची सरमिसळ करतात.

पहिली, पोर्टेज ग्लेशियरची. ही पोर्टेज तलावातली जेमतेम तासाभराची फेरी आहे. तलाव गोड्या पाण्याचा, हिमनदी एकच. वाईट मुळीच नाही, पण ही बोट बोगद्याच्या अलीकडून सुटते. व्हिटियरचं तिकीट काढून नकाशात नुसतं ‘ग्लेशियर क्रूझ’ टाकणारे लोक या तलावापाशी येऊन थांबतात आणि आपली बोट शोधत बसतात.

दुसरी, सीवर्डहून निघणारी केनाई फियोर्ड्सची (फियोर्ड म्हणजे उंच कड्यांमधली चिंचोळी खाडी). सीवर्ड अँकरेजपासून सुमारे २०० किलोमीटरवर, अडीच तासांच्या अंतरावर आहे. तिथे ऐयालिक, होलगेट अशा हिमनद्या दिसतात, देवमासे आणि पफिन पक्षी दिसण्याची शक्यता जास्त असते. पण बोटीला अलास्काच्या आखाताच्या उघड्या पाण्यातून जावं लागतं आणि तिथे लाटा असतात. सहा ते साडेआठ तासांची ही सफर ज्यांना बोट लागते त्यांना फार जड जाते.

तिसरी, व्हिटियरची. प्रिन्स विल्यम साउंड चहूबाजूंनी डोंगर आणि बेटांनी वेढलेलं असल्यामुळे पाणी बहुतेक दिवस शांत असतं. अँकरेजपासून अंतर सुमारे ९५ किलोमीटर. बोटीवर गरम केबिन आणि बसायला टेबलं असतात. ‘२६ ग्लेशियर’ नावाची सफर साधारण पाच-साडेपाच तासांची असते आणि हॅरिमन फियोर्ड, कॉलेज फियोर्ड या भागांत फिरते. ब्लॅकस्टोन उपसागरात जाणाऱ्या सफरी त्याहून छोट्या असतात.

साठीच्या पुढचे आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर माझं मत स्पष्ट आहे : व्हिटियर. गुडघे धड, पोट खंबीर आणि देवमासा हीच मुख्य ओढ असेल, तर सीवर्ड.

आकड्याला मात्र भुलू नका. सव्वीसातल्या बऱ्याच हिमनद्या दुरून, डोंगराच्या खांद्यावर लटकलेल्या दिसतात. बोट जवळ जाऊन थांबते ती एक-दोन हिमनद्यांपाशीच, आणि मन भरतं तेही तिथेच. तिकीट काढताना विचारायचं ते हे : ‘समुद्रापर्यंत आलेल्या हिमनदीसमोर बोट किती वेळ थांबते?’

पायरी २ : तारीख आणि तिकीट

हंगाम साधारण मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. जूनमध्ये अँकरेजला सूर्य रात्री साडेअकराच्या सुमारास मावळतो, त्यामुळे परतीच्या रस्त्यावर अंधाराची काळजी नसते. ऑगस्ट मध्यानंतर पाऊस वाढतो. मी मेचा शेवट किंवा जूनचा पूर्वार्ध निवडते : गर्दी कमी, डोंगरावर बर्फ भरपूर, आणि तरंगत्या हिमखंडांवर सीलची पिल्लं दिसण्याचाही हाच काळ.

सफर अलास्काच्या मुक्कामातल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा. पहिल्या दिवशी विमानाचा शीण असतो. शेवटच्या दिवशी ठेवली आणि हवामानामुळे फेरी रद्द झाली, तर बदली तारीख घ्यायला दिवसच उरत नाही. संध्याकाळी सात-आठचं परतीचं विमान असलेल्या दिवशी तर ही सफर घेऊच नका.

तिकीट काढतानाच तीन गोष्टी लेखी कळवा : शाकाहारी जेवण किती जणांना हवं, चालायला त्रास कुणाला आहे, आणि लहान मुलांची वयं. बोटीवर जेवण मोजून चढवलेलं असतं. ऐनवेळी ‘आम्ही व्हेज आहोत’ म्हटलं की सॅलड आणि बिस्किटांवर भागवावं लागतं. अंडं आणि मासे चालत नाहीत हेही उलगडून लिहा, कारण नुसत्या ‘व्हेजिटेरियन’ शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो.

तपासा : तिकिटावरची सुटण्याची वेळ आणि चेक-इनची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत. दोन्ही कागदावर लिहून घ्या. पुढचं सगळं गणित चेक-इनच्या वेळेवर बसतं.

पायरी ३ : बोगद्याचं गणित

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

व्हिटियरला रस्त्याने जायची वाट एकच : अँटन अँडरसन मेमोरियल बोगदा. लांबी सुमारे ४ किलोमीटर, मार्गिका एकच, आणि त्याच मार्गिकेत रेल्वेचे रूळ. गाड्या रुळांवरूनच चालतात. म्हणजे एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या आत जाऊ शकतात, आणि आगगाडी येणार असेल तर सगळ्यांनी थांबायचं.

उन्हाळ्यातला सर्वसाधारण नियम असा : व्हिटियरकडे जाणाऱ्या गाड्यांना बोगदा तासाच्या अर्ध्यावर उघडतो, म्हणजे साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा. व्हिटियरहून परतणाऱ्यांना तो ठोक्याला उघडतो, पाच, सहा, सात. प्रत्येक वेळी साधारण पंधरा मिनिटंच. १०:४६ला पोचलात तर ११:३०पर्यंत बसून राहायचं. आधी नोंदणी करून जागा राखता येत नाही. आगगाडीमुळे एखादी वेळ पुढे सरकते, म्हणून आदल्या रात्री बोगद्याच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं वेळापत्रक बघाच.

आता उलटं मोजू. समजा बोट दुपारी १२:३०ला सुटते आणि चेक-इन १२:००पर्यंत आहे.

व्हिटियरमध्ये गाडी लावणं, पैसे भरणं आणि धक्क्यापर्यंत चालणं यांना आईवडिलांबरोबर अर्धा तास धरा. म्हणजे ११:३०ला तुम्ही व्हिटियरमध्ये हवेत. ११:३०चा फेरा घेतला तर बोगद्यातून बाहेर यायलाच पावणेबारा होतात, आणि रांगेत मागे असाल तर आणखी उशीर. तो फेरा जमेतच धरू नका. तुमचा फेरा १०:३०चा. त्यासाठी टोलनाक्यापाशी १०:१०ला हजर राहायचं. अँकरेजहून तिथवर न थांबता सव्वा ते दीड तास लागतो. एक छोटा थांबा धरून घर किंवा हॉटेल ८:३०ला सोडायचं. ८:३० म्हणजे गाडीचं चाक फिरलं पाहिजे, लिफ्टपाशी चपला शोधणं नव्हे.

आम्ही पहिल्या खेपेला ९:१५ला निघालो. टर्नअगेन आर्म या समुद्राच्या फाट्याच्या किनाऱ्याने जाणारा तो रस्ता इतका देखणा आहे की बाबांनी दोनदा गाडी थांबवायला लावली, आणि मलाही नाही म्हणवलं नाही. नाक्यावर पोचलो तेव्हा शेवटच्या गाडीचे मागचे दिवे आत शिरताना दिसले. पुढचा पाऊण तास आई एक शब्द बोलली नाही. बोट मिळाली, पण धक्क्यावर तिला जवळजवळ पळवत न्यावं लागलं. गुडघेदुखीच्या माणसाला पळवणं किती वाईट, हे मला तेव्हा कळलं. फोटोंचे थांबे परतीच्या वाटेवर घ्या. प्रकाश तेव्हाही असतो, आणि घाई कसलीच नसते.

रस्त्यावरचे दोन नियम पाळा. या महामार्गावर दिवसाही हेडलाइट लावायचे असतात. आणि तुमच्या मागे पाच किंवा अधिक गाड्या साचल्या, तर पहिल्या सोयीच्या जागी बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावं लागतं. पेट्रोल अँकरेजला किंवा वाटेत गर्डवुडला भरून घ्या.

नाक्यावर टोल भरायचा : साध्या मोटारीला १३ डॉलर, आणि तो फक्त व्हिटियरकडे जाताना. परतताना पुन्हा भरावा लागत नाही. नाक्यावरचा माणूस तुम्हाला एक रांग नेमून देतो. ती सोडू नका. आत वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ठेवायचा, पुढच्या गाडीपासून सांगितलेलं अंतर राखायचं आणि मध्ये कुठेही थांबायचं नाही. सहा-सात मिनिटांत पलीकडे निघता.

पर्याय : गाडी चालवायची नसेल तर अँकरेजहून अलास्का रेल्वेची गाडी उन्हाळ्यात सकाळी निघून दुपारी बाराच्या सुमारास व्हिटियरला पोचते आणि संध्याकाळी परत येते. स्थानकापासून धक्का जवळ आहे, आणि दुपारच्या सफरी या गाडीच्या वेळेशी जुळतात. खर्च वाढतो, पण बोगद्याची सगळी चिंता मिटते. आईवडील एकटे जात असतील तर हाच मार्ग घ्या.

सावधान : फोनच्या नकाशात ‘व्हिटियर बंदर’ हा शेवटचा मुक्काम टाका. नकाशा दाखवतो त्या वेळेत बोगद्यापाशी थांबण्याचा वेळ धरलेला असेलच, असं समजू नका.

पायरी ४ : कपडे, आदल्या रात्री अंथरुणावर मांडून

व्हिटियरला वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या आसपासचा आकडा झाला. फरक असा की महाबळेश्वरचा पाऊस थंड वाटला तरी अंगाला सोसतो, इथला जुलैतसुद्धा १० ते १५ अंश तापमानात पडतो. शिवाय हिमनदीवरून गार हवा खाली घसरत येते. बंदरावर स्वेटर पुरेल असं वाटतं आणि हिमनदीसमोर तोच स्वेटर अंगात नसल्यासारखा होतो.

तीन थर घालायचे. आत अंगाला लागून थर्मल. मध्ये लोकर किंवा फ्लीस. वर पाऊस आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट, टोपीसकट. सुती कपडा आत नको. तो भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो आणि दिवसभर वाळत नाही. जीन्सचंही तेच.

आई साडीच नेसणार असेल तर तिच्याशी आधी बोला, सकाळी निघताना नव्हे. डेकवरच्या वाऱ्यात पदर आणि निऱ्या सावरायला दोन्ही हात लागतात आणि कठडा धरायला हात उरत नाही. माझ्या आईने थर्मलवर सलवार-कमीज, त्यावर जाड जॅकेट आणि वर पावसाळी पँट असं घातलं. ओढणी मी आग्रहाने केबिनमध्ये ठेवायला लावली. शालही वाऱ्यात उडते. ऊब हवीच असेल तर ती जॅकेटच्या आत लपेटा.

डोक्याला कानटोपी. घरातली लोकरीची माकडटोपी असेल तर तीच आणा, तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुकानात सापडत नाही. हातमोजे पातळ आणि जाड असे दोन जोड असावेत, म्हणजे फोटो काढताना जाड जोड काढला तरी बोटं उघडी पडत नाहीत. पायात मोजे लोकरीचे आणि बूट घट्ट पकडीचे. सँडल आणि चपला या दिवशी घरीच. ओल्या डेकवर त्या घसरतात.

छत्री नेऊ नका. डेकवर ती उघडताच उलटते आणि शेजारच्याच्या डोळ्याला लागते.

तपासा : माणशी पिशवीत सुके मोजे, एक जास्तीचा स्वेटर, गॉगल आणि सनस्क्रीन आहे ना? ढगाळ दिवशीसुद्धा पाण्यावरून आणि बर्फावरून येणारा उजेड चेहरा भाजतो.

पायरी ५ : पोट आणि औषधं

साउंडचं पाणी शांत असलं तरी ज्याला लाल डब्यात बसून घाट चढताना त्रास होतो, त्याने तयारीने यावं. बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, ती सुटण्याच्या सुमारे तासभर आधी घ्यायची असते. अमेरिकेत मेक्लिझिन आणि डायमेनहायड्रिनेट या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. दोन्हींनी झोप येते, डायमेनहायड्रिनेटने जास्त. भारतातून आणलेली अॅव्होमिनही पेंग आणतेच. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा रोजच्या इतर गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा, धक्क्यावर शेजाऱ्याने देऊ केलेली गोळी घेऊ नका. आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याने पेंग आणणारी गोळी घेतली, तर सकाळी आणि परतीला चालवणार कोण, हे आधी ठरवा.

सोबत आलेपाक ठेवा. पुष्कळांना त्याने बरं वाटतं आणि नुकसान काही नाही. सकाळी हलकं खा, पण उपाशी निघू नका. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. एकादशी त्या दिवशी येत असेल तर राजगिऱ्याचे लाडू आणि केळी बरोबर घ्या, बोटीवर उपासाचं काही मिळत नाही.

शाकाहारी जेवण सांगितलेलं असलं तरी डब्यात दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी असू द्या. बाहेरचं खाणं बोटीवर चालतं का, हे मात्र आधी विचारा. चालत नसेल तर डबा बोगद्यापाशी थांबलेल्या वेळात संपवता येतो.

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या दुपारच्या गोळ्या अंगावरच्या खिशात. गाडीत राहिल्या तर सहा तास मिळत नाहीत.

पायरी ६ : धक्का आणि बोटीत चढणं

व्हिटियरमध्ये गाडी पैसे भरून लावायच्या जागी लावावी लागते. पावती सांगितली असेल तिथे ठेवा आणि जागेच्या खुणेचा एक फोटो काढा.

भरती-ओहोटीकडे लक्ष असू द्या. तरंगत्या धक्क्याकडे जाणारा उतार भरतीला जवळजवळ सपाट असतो आणि ओहोटीला चांगलाच तीव्र होतो. गेटवेहून मांडव्याला गेलेल्यांना ओहोटीच्या वेळचे पायऱ्यांचे हाल माहीत आहेत, इथे पायऱ्यांऐवजी उतार आहे एवढंच. त्या दिवसाची ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघा. सुटण्याच्या सुमारास ओहोटी असेल तर चालायला त्रास असलेल्या माणसाला लवकर आणा आणि कर्मचाऱ्यांना आधीच सांगा. ते मदत करतात, पण सगळी रांग मागे उभी असताना नव्हे.

आत गेल्यावर टेबल नेमून दिलेलं असतं. ज्यांना बोट लागते त्यांना खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध बसवा, तिथे हेलकावा सर्वांत कमी. मळमळायला लागलं तर फोनमध्ये डोकं घालू नका, बाहेर येऊन दूरच्या क्षितिजरेषेकडे बघत राहा.

सुरक्षेची सूचना ऐका आणि लाइफ जॅकेट कुठे आहे ते आईवडिलांना मराठीत सांगा. इंग्रजीतली घोषणा गर्दीत त्यांच्या कानावरून जाते.

पायरी ७ : हिमनदीला पोचेपर्यंतचे दोन तास

हा वेळ बहुतेक जण वाया घालवतात आणि खरं काम हिमनदीसमोर करायला घेतात.

जेवण सुरुवातीलाच वाढलं जातं. आलं की लगेच खाऊन घ्या. ‘भूक नाही, नंतर बघू’ म्हणणारा माणूस हिमखंड दिसू लागतात तेव्हा ताट घेऊन बसलेला असतो. खाणं झालं की एक-एक जण डेकवर जाऊन वारा अजमावून या. थर कमी पडत असेल तर आत्ताच चढवा.

वाटेत समुद्री ऊदमांजरं पाठीवर तरंगताना दिसतात, खडकांवर सी-लायन असतात, आणि व्हिटियरजवळच्या कड्यांवर किटिवेक पक्ष्यांची दाट वस्ती आहे. दुर्बीण आठ पटींची घ्या. दहा-बारा पटींची दुर्बीण हलत्या बोटीवर नुसती थरथरते.

पाण्यात बर्फाचे तुकडे दिसायला लागले की पंधरा-वीस मिनिटं उरली असं समजा. त्याच वेळी सगळ्यांनी शौचालयाला जाऊन या. हिमनदी समोर आल्यावर तिथे रांग लागते, आणि कुणाची तरी आई त्या रांगेत उभी असतानाच हिमनदीचा बर्फाचा कडा पाण्यात कोसळतो. मी हे दोनदा पाहिलं आहे.

सावधान : मार्ग बदलू शकतो. बर्फ दाटलेला असेल, सील पिल्लांसह तुकड्यांवर असतील किंवा वारा जास्त असेल, तर कप्तान दुसऱ्या हिमनदीकडे वळतो. बॅरी आर्म या फाट्याबद्दल २०२० साली शास्त्रज्ञांनी इशारा दिला आहे : बॅरी हिमनदी मागे हटल्यामुळे बाजूच्या डोंगरउताराचा आधार गेला आहे, आणि तो कोसळला तर सुनामी येऊ शकते. त्यामुळे ‘जाहिरातीत होती ती हिमनदी का नाही दाखवली’ असा वाद घालू नका. हा निर्णय कप्तानाचाच आहे.

पायरी ८ : हिमनदीसमोर

बोट इंजिन मंद करते, मग थांबते. थांबण्याचा वेळ साधारण वीस ते तीस मिनिटं. हा वेळ असा वापरा.

धक्काबुक्की करून पुढे जाऊ नका. कप्तान बोट हळूहळू फिरवतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना समोरून दिसतं. आईवडिलांना कठड्याजवळ, पाठीला आधार मिळेल अशा जागी उभं करा आणि तिथेच राहू द्या. बोट त्यांच्यासाठी वळणारच आहे.

पहिली पाच मिनिटं फोन खिशात. नुसतं बघा, आणि त्याहून जास्त म्हणजे ऐका. इंजिन मंद झाल्यावर पाण्यातल्या बर्फातून तडतड ऐकू येते, कढईत मोहरी फुटावी तशी. बर्फात दाबून राहिलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे सुटण्याचा तो आवाज आहे. माझ्या बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं, तरी तो त्यांना ऐकू आला. ती शांतता मोडणारे बहुतेक वेळा आपणच असतो. मोठ्याने व्हिडिओ कॉल लावू नका. तसंही तिथे सिग्नल नसतो, आणि अलास्का उन्हाळ्यात भारताच्या साडेतेरा तास मागे असल्याने घरी पहाट चालू असते.

आता कडा कोसळण्याबद्दल. आवाज झाला की तिकडे वळून बघायचं, हीच इथली सर्वांत सार्वत्रिक चूक. आवाजाला अर्धा किलोमीटर यायला सुमारे दीड सेकंद लागतो. कडाड्‌ असा आवाज कानावर पडेपर्यंत बर्फ पाण्यात पोचलेला असतो. म्हणून कान नव्हे, डोळे कामाला लावा. कड्याचा एकच तुकडा निवडा : जिथे भेग ताजी आहे, निळाई गडद आहे, किंवा जिथून बारीक खडे, चुरा घरंगळतोय. मोठा तुकडा सुटण्याआधी बऱ्याचदा असा चुरा गळतो. घरातल्या प्रत्येकाने कड्याचा वेगवेगळा भाग वाटून घ्या आणि दिसताच ‘डावीकडे!’ असं ओरडा. आमच्या चौघांत हे जमलं, आणि तीनपैकी दोन वेळा आईनेच आधी पाहिलं.

हिमनदी दिसते त्यापेक्षा खूप मोठी आणि खूप लांब असते. मापाचा अंदाज यायला कड्यासमोर उडणारे पांढरे पक्षी शोधा. ते ठिपक्याएवढे दिसले की मग छाती दडपते.

मोठा तुकडा पडला की काही वेळाने लाट येते. कप्तान बोटीचं तोंड लाटेकडे वळवतो. तेव्हा एक हात कठड्यावर हवाच, मुलांना पायांच्या मध्ये घ्या, आणि कुणी बाकावर किंवा कठड्याच्या आडव्या दांडीवर चढलेलं नसावं. बोट आणखी जवळ का जात नाही, याचं उत्तरही ही लाटच आहे.

फोटोंचं थोडक्यात : थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. बर्फाचा फोटो करडा येतो तेव्हा स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. कोसळणाऱ्या कड्यासाठी फोटोंपेक्षा सलग व्हिडिओ बरा. बर्फाची निळाई ढगाळ दिवशीच खुलते. दाट दाबलेला बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषून घेतो आणि निळा उरतो, आणि कडक उन्हाची चकाकी नसली की तो निळा डोळ्यांना नीट दिसतो. म्हणून सकाळी आभाळ दाटलेलं पाहून तिकीट रद्द करायला धावू नका.

तपासा : दहा मिनिटांनी आईवडिलांच्या बोटांना हात लावून बघा. ‘मला थंडी नाही’ हे त्यांचं म्हणणं पुरावा नाही. बोटं गार आणि बोलणं मंद वाटलं तर आत नेऊन गरम चहा द्या आणि खिडकीपाशी बसवा. खिडकीतूनही हिमनदी छान दिसते.

पायरी ९ : परतीचा बोगदा

बोट संध्याकाळी धक्क्याला लागते तेव्हा सगळे एकदम गाड्यांकडे धावतात आणि पुढच्या ठोक्याच्या फेऱ्याला लांब रांग लागते. बोट ५:४५ला लागली तर ६:००चा फेरा पकडायची धडपड करू नका. ओले कपडे बदला, सुके मोजे घाला, बंदरावर काहीतरी गरम प्या आणि ७:००च्या फेऱ्यासाठी ६:४०ला रांगेत जा. उन्हाळ्यात बाहेर पडायचा शेवटचा फेरा रात्री ११च्या सुमारास असतो, तरी त्या दिवसाचं वेळापत्रक पुन्हा एकदा बघून ठेवा. तो चुकला तर रात्र व्हिटियरमध्येच काढावी लागते.

रेल्वेने आला असाल तर उलट आहे : गाडी ठरल्या वेळी सुटते, तेव्हा बोटीतून उतरून आधी स्थानक गाठा, चहा मग.

बोगद्यातून बाहेर आलात की सकाळी राहिलेले थांबे घ्या. वाटेवरच्या बेलुगा पॉइंटला गाडी लावा, आईबाबांना थर्मासमधला चहा द्या, आणि पाण्याकडे बघत बसा. टर्नअगेन आर्मला ओहोटीनंतर चिखलाची मोकळी जमीन उघडी पडते आणि ती वाळूसारखी दिसते. तिच्यावर पाऊल टाकू नका, मुलांनाही उतरू देऊ नका. तो गाळ पाय धरून ठेवतो, आणि भरती फार वेगाने येते.